वेंडलच्या दारातला बर्फ

१२ फेब्रुवारी, शनिवार

नॉर्ब म्हणतो, आपलं आता संपलं! दर हिवाळ्यात तो एकदा तरी असं म्हणतोच, म्हणून आधी मी लक्षच दिलं नाही. पण आमच्या बर्फ काढायच्या गाडीतल्या रेडिओवर दिवसभर तेच. नव्या गव्हर्नरने बिल आणलंय – सरकारी नोकरांच्या युनियनने यापुढे फक्त पगारावर बोलायचं. तेही महागाई वाढेल तेवढ्यापुरतं. कामाचे तास, सुट्ट्या, गाडीत किती माणसं, कपात झाली तर आधी कोणाला काढायचं – सगळ्यावर तोंड बंद. पोलिसांना आणि आगीच्या बंबवाल्यांना तेवढी सूट. म्हणजे बंब चालवणाऱ्याला हक्क आणि त्या बंबापुढचा बर्फ काढून देणाऱ्याला काही नाही. वा रे वा!

'गाडीत किती माणसं' हे ऐकलं आणि रेडिओचा आवाज वाढवला. कारण ते दुसरं माणूस म्हणजे मी. नॉर्ब माझा कामावरचा जोडीदार, तो गाडी चालवतो आणि बर्फ लोटणारा पुढचा फाळ सांभाळतो. मी उजवीकडे बसून बाजूचा पंख, म्हणजे कडेचा बर्फ लोटणारं दुसरं पातं, वर-खाली करते, आणि त्याला न दिसणारं सगळं बघते. पत्रपेट्या, कुंपणं, खड्ड्यात घसरलेल्या मोटारी. बर्फाच्या गाडीत दोन माणसं हवीत हे करारात यायला एकाचा जीव गेला होता. मी लागायच्या आधीची गोष्ट. आता म्हणे त्यावर बोलायचंच नाही.

नॉर्ब म्हणाला, "काळजी करू नकोस बाई. तुला काढलं तर त्या सीटवर सासूचा फोटो ठेवीन. तीही तुझ्याएवढंच ओरडते."

हसले खरी. मग आईने विणलेली लाल टोपी कानांवर ओढून घेतली.

१३ फेब्रुवारी, रविवार

चर्चमध्ये कोणी विषय काढला नाही. सगळे हवामानावर बोलत होते. म्हणजे सगळ्यांच्या डोक्यात तेच.

१८ फेब्रुवारी, शुक्रवार

आज फार बोलले. नको तेवढं बोलले.

शुक्रवारचे मासे खायला नेहमीप्रमाणे टॅव्हर्नमध्ये. मी, नॉर्ब, आणि समोर वेंडल आणि बेव. वेंडल माझा थोरला भाऊ. रिज रोडवरचा बाबांचा गोठा तोच चालवतो, आणि काउंटी बोर्डावर – आमच्या रस्ते खात्याचा कारभार बघणाऱ्या जिल्ह्याच्या मंडळावर – निवडूनही येतो. बेव त्याची बायको, शाळेच्या ऑफिसात क्लार्क. आमचं चौघांचं टेबल वर्षानुवर्षं ठरलेलं. मासे, राय धान्याचा पाव, मग पत्ते.

तळलेला मासा अजून यायचाच होता. वेंडलने ब्रँडीचा ग्लास खाली ठेवला आणि म्हणाला, "बिल चांगलं आहे. कोणीतरी करायलाच हवं होतं."

"काय करायला हवं होतं?" मी.

"तुम्ही सरकारचे जावई झालात, मार्लिस."

"मी बाई आहे. सून तरी म्हण!"

शेजारचं टेबल हसलं. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण तो थांबला नाही. म्हणाला, "मला दुधाचा भाव ठरवता येतो का? कोणीतरी कुठेतरी ठरवतं आणि मला चेक येतो. माझ्या गाई मला आजारपणाची रजा देतात? पेन्शन देतात? आणि तुमच्या पेन्शनचा कर मी भरायचा."

खरं सांगायचं तर यात चूक काय होतं? बाबांनीही गोठा असाच ओढला. पण मला राग आला. त्याला मिळालं नाही म्हणून मलाही मिळू नये – सख्खा भाऊ असं म्हणतो? नॉर्बने टेबलाखालून पाय मारला. मी ऐकते होय!

म्हटलं, आणि मोठ्याने म्हटलं, "तुझं हृदयाचं ऑपरेशन कोणाच्या विम्यावर झालं रे? गाईंच्या? बेवच्या! शाळेच्या! सरकारी विम्यावर जिवंत आहेस तू!"

बारवाली बाई ग्लास पुसायची थांबली. वेंडलचा चेहरा पडला – रागाने नाही, लाजेने. त्याला बायकोच्या नोकरीवर विमा घ्यावा लागतो हे त्याला किती लागतं ते मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच बोलले. तो उठला, कोट घातला आणि मासा न खाता गेला. बेव जाताना एवढंच म्हणाली, "बरी आहेस ना तू?"

त्याचा मासा नॉर्बने खाल्ला. वाया कशाला घालवायचा म्हणाला. घास गिळताना मात्र माझ्याकडे बघत नव्हता.

१९ फेब्रुवारी, शनिवार

राजधानीत, मॅडिसनला आलोय, बिलाविरुद्धच्या निदर्शनांना, युनियनच्या बसने. मंगळवारपर्यंत राहणार असं काल सगळ्या टॅव्हर्नला ओरडून सांगितलंच होतं.

निघताना बस रिज रोडने गेली. वेंडलच्या अंगणात पाटी! बिलाला पाठिंबा देणारी, मोठी, निळी. काल नव्हती. नॉर्ब म्हणाला, "नको बघूस." बघितलं.

विधानसभेच्या आवारात मुंगीलाही जागा नाही. शिक्षिका, नर्सा, तुरुंगाचे रखवालदार, सगळे. आम्ही केशरी जाकिटं घालून गेलो तर लोक टाळ्या वाजवायला लागले! रस्ता साफ करणाऱ्याला आयुष्यात कधी कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. ऊर भरून आला. गायीच्या गळ्यातली घंटा वाजवत एक शेतकरी चालला होता – आमच्या बाजूचा! पाठीमागून थेट वेंडल. मी धावत पुढे जाऊन तोंड बघून आले. नव्हता. असणार कसा?

२० फेब्रुवारी, रविवार

खात्याच्या साहेबाचा फोन. मोठं वादळ येतंय, ज्यांना जमेल त्यांनी परत या. घोषणा देऊन घसा बसलेला, तरी निघालो. एकानेही नाही म्हटलं नाही. हे कुठल्या टीव्हीवर दाखवणार नाहीत.

२१ फेब्रुवारी, सोमवार

लिहू की नको? लिहिते. ही वही कोण वाचणार आहे!

पहाटेपासून गाडीवर. ओला, जड बर्फ आणि वर सुसाट वारा. रिज रोडवर आमची दुसरी फेरी आली तेव्हा दिवस कलायला लागला होता. संध्याकाळच्या धारांची वेळ. वेंडलच्या गोठ्यात दिवे होते.

आमची एक रीत आहे. कुठल्या नियमात नाही, पण प्रत्येक गाडीची आपापली एक-दोन घरं ठरलेली असतात. बर्फाची गाडी रस्ता साफ करते आणि तो सगळा बर्फ लोकांच्या दारासमोर भिंतीसारखा लोटून जाते – शिव्या त्यासाठीच खातो आम्ही. पण वेंडलची वाट आली की नॉर्ब वेग कमी करतो, फाळ सरळ धरतो, मी पंख आत ओढते. बर्फ पुढे सरकतो आणि वाटेचं तोंड मोकळं राहतं. कारण दुधाचा टँकर आत यायला हवा. मी या गाडीवर लागल्यापासून एकदाही चुकलेलं नाही. वेंडल गोठ्यात असला तर दारात येऊन हात करतो. मी टोपी हलवते. बस, एवढंच.

आज ती पाटी दिसली. बर्फात अर्धी बुडालेली, तरी वाचता येत होती.

नॉर्बने वेग कमी केला. फाळ सरळ केला. मी पंख आत घेतला नाही. उलट खाली दाबून धरला.

"मार्लिस, वेंडलचं घर."

"दिसतंय मला."

नॉर्बने गाडी तशीच पुढे नेली. कमरेएवढी भिंत उभी राहिली त्याच्या वाटेत, मागे वळून बघितलं मी. गोठ्याकडेही बघितलं. तेवढ्यात वाऱ्याने असा बर्फ उडवला की काही दिसेना.

मनात म्हटलं, वीस मिनिटांत ट्रॅक्टरने काढेल. कळू दे त्याला. सरकारचे जावई नसले की काय होतं ते कळू दे!

आता घरी बसलेय. जेवण गेलं नाही.

२३ फेब्रुवारी, बुधवार

बेव दुकानात भेटली. हातांना पट्ट्या. फावडं मारून फोड आले म्हणाली. ट्रॅक्टर गेल्या आठवड्यापासून दुरुस्तीला होता – मला कुठून कळणार, आम्ही बोलतोय कुठे! दोघांनी मिळून भिंत फोडायला घेतली. टँकर आला, रस्त्यावर थोडा वेळ थांबला. ड्रायव्हर तरी काय करणार, वादळात पुढची घरं होतीच. गेला. दुधाची टाकी भरलेली. काल सकाळच्या धारांना जागाच नाही. वेंडलने नळ उघडला आणि दूध सोडून दिलं.

"काही बोलला?" मी विचारलं.

"नाही. नळ सोडून तिथेच उभा राहिला. हृदयावर ताण नको म्हणून मी फावडं हिसकावत होते, तर देईचना."

हृदय! ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ऑपरेशनवरून चारचौघांत त्याला टोमणा मारला, आणि तेच हृदय घेऊन तो माझा बर्फ उपसत होता.

बेवला सांगायला तोंड उघडलं. ती म्हणाली, "तू मॅडिसनला होतीस तेच बरं झालं, इथे नुसते हाल." मी मान हलवली. मान हलवली!

१० मार्च, गुरुवार

बिल पास. विरोधी पक्षाचे चौदा सिनेटर राज्य सोडून पळाले होते मत होऊ नये म्हणून, तरी पास. खात्याच्या गॅरेजमध्ये कोणी ओरडलं नाही, कोणी काही फेकलं नाही. नॉर्बने डबा उघडला, बंद केला.

मला बिलाचं दुःख आहेच. पण रात्रंदिवस डोळ्यांसमोर येतो तो दुधाचा नळ.

३ एप्रिल, रविवार

चर्चमध्ये वेंडल दोन बाकं पुढे. मान मागून बाबांसारखी दिसायला लागलीय. बाहेर पडताना "थंडी आहे" म्हणाला. मी म्हटलं "आहे."

११ जून, शनिवार

दर जूनमध्ये इथे एकेका गोठ्यावर सगळ्या गावाला नाश्ता असतो, या वर्षी तो वेंडलकडे होता. सगळा गाव आला. बेवने फोन करून बोलावलं, "पॅनकेक उलटायला तुझ्यासारखं कोणी नाही." गेले. तव्याशी उभी राहिले. अंगणातली पाटी गेली होती. तिच्या जागी फक्त दोन भोकं.

वेंडल दूध घेऊन तव्याजवळ आला. बाजूला कोणी नव्हतं. ठरवलं – आत्ता. म्हटलं, "वेंडल, त्या फेब्रुवारीत..."

"पॅनकेक जळतोय."

खरंच जळत होता. मी उलटला. वर बघते तर तो लहान मुलांना वासरू दाखवायला गेलेला.

मी काय कमी बोलकी आहे? टॅव्हर्नमध्ये गळा काढता आला. इथे दोन वाक्यं जमली नाहीत.

२९ जून, बुधवार

कायदा आजपासून लागू. गॅरेजच्या फळ्यावरून जुना करार काढला. खिळे तसेच आहेत.

२० सप्टेंबर, मंगळवार

काउंटी बोर्डाची बैठक. विषय – हिवाळ्यापासून बर्फाच्या गाडीत एकच माणूस. आता करार नाही, म्हणजे विचारायचंही कोणाला नाही. मतदान करायचं आणि मोकळं व्हायचं. मी आणि नॉर्ब मागच्या खुर्च्यांवर.

नव्या गाड्यांत पंखाचा दांडा ड्रायव्हरच्या हाताशी बसवता येतो, कॅमेरा लावता येतो, असं कोणीतरी चित्रांसकट दाखवलं. नॉर्ब पुटपुटला, "कॅमेऱ्यावर बर्फ बसला की कोण पुसणार? माझी सासू?"

मग वेंडल उभा राहिला. मी डोळे मिटले. म्हटलं, आता हा आमच्या शवपेटीवर पहिला खिळा ठोकणार.

म्हणाला, "मी या कायद्याच्या बाजूचा होतो. अजून आहे. पण दुसरं माणूस काढू नका."

खाली कुजबुज. तो पुढे म्हणाला, "फेब्रुवारीतल्या वादळात माझी बहीण मॅडिसनला घोषणा द्यायला गेली होती. सगळ्यांना माहीत आहे, तिनेच ओरडून सांगितलं होतं." लोक हसले. "वादळात बदली माणूस मिळालं नसणार. पंखावर कोणी नव्हतं. माझ्या दारात कमरेएवढा बर्फ टाकून गाडी गेली. टँकर परतला. मी दूध ओतलं. आजवर माझ्या दारात असं कधी झालं नव्हतं, कारण आजवर पंखावर माणूस असायचं. एकट्याला दोन्ही बाजू दिसत नाहीत, मग तो कितीही चांगला ड्रायव्हर असो."

नॉर्ब बुटांकडे बघत होता. साहेब पहिल्या रांगेत. मला त्या दिवशी ड्यूटीवर त्यानेच लावलं होतं! त्याने पेन उघडलं, बंद केलं, आणि छताकडे बघत बसला. आमचं अर्धं गॅरेज तिथे होतं. एकाने तोंड उघडलं नाही.

कोणीतरी टोमणा मारला, "बहिणीची नोकरी वाचवतोयस का, वेंडल?"

"बहिणीचा काय संबंध?" तो म्हणाला. "माझं दूध गेलं, त्याचं बोलतोय."

उठून सांगायचं होतं मला. मीच होते त्या गाडीत. मीच केलं. पण सांगितलं असतं तर त्याचं म्हणणं तिथेच कोसळलं असतं, आणि तो सगळ्यांसमोर पुन्हा एकदा खुळा ठरला असता, तेही माझ्यामुळेच. बसून राहिले. त्याच्या मनाला शिवलंसुद्धा नाही की मार्लिस असं करेल. विश्वास! कसला हा विश्वास! मारलं असतं तर बरं झालं असतं.

मतदान झालं. हरलो. थोडक्यात हरलो, पण हरलो. बिलाला पाठिंबा देणारे वेंडलच्या बाजूचे लोक त्याच्याशी न बोलता बाहेर पडले. पार्किंगमध्ये तो त्याच्या ट्रकशी उभा होता. मी गेले. "थँक्यू" म्हटलं.

"हरलो की," तो म्हणाला. किल्ली खिशात शोधत राहिला. हातातच होती.

३१ ऑक्टोबर, सोमवार

गोड बोलून घरी पाठवलं. उन्हाळ्यात गवत कापायला बोलावू म्हणाले. पेन्शन थोडी कापून मिळेल. नॉर्बने गॅरेजमध्ये केक आणला होता, त्यावर साखरेची बर्फाची गाडी. उजवा पंख मला दिला. खाववला नाही. रुमालात बांधून आणलाय.

नॉर्ब म्हणाला, "त्या दिवशी मी तुला थांबवायला हवं होतं."

"मी थांबले असते?"

"नाही. पण मी म्हणायला हवं होतं." पहिल्यांदाच हा माणूस चेष्टा न करता बोलला.

३ डिसेंबर, शनिवार

पहिला मोठा बर्फ. खिडकीत उभी राहिले. नॉर्बची गाडी गेली. उजवी सीट रिकामी. माझ्या दारात भिंत. शेजारच्यांच्या दारात भिंत. सगळ्या रस्त्याला भिंत. टोपी घालून नुसती उभी राहिले.

रिज रोडलाही तेच असणार. ट्रॅक्टर दुरुस्त झालाय, ते काढतील. पण उद्या जाणार. फावडं गाडीत टाकलंय. बर्फ काढेन आणि सांगेन. टाळाटाळ पुरे झाली आता!

४ डिसेंबर, रविवार

सकाळी गेले. अर्धी वाट मोकळी केली तेव्हा वेंडल कॉफीचे दोन कप घेऊन आला. मी फावडं रोवलं आणि म्हटलं, "वेंडल, त्या वादळात मी मॅडिसनला नव्हते."

"माहीत आहे."

मी रोवलेलं फावडं पुन्हा उपसलं.

तो म्हणाला, "त्या दिवशी आईची लाल टोपी घातली होतीस. मी गोठ्याच्या दारात होतो. हात केला होता तुला."

कप माझ्या हातात दिला आणि माझं फावडं घेतलं. बाकीचा बर्फ त्यानेच काढला. मला काढता येईना.